पदक कुणाला, रक्त कुणाचं

माझ्या कामाच्या सगळ्यात जवळ आलेलं नोबेल पारितोषिक म्हणजे २०२० सालचं. इमॅन्युएल शार्पांतिये आणि जेनिफर डाउडना या दोघींना ते रसायनशास्त्रासाठी मिळालं, क्रिस्पर नावाच्या जनुक-संपादनाच्या तंत्राबद्दल. तीन वर्षांनी, १६ नोव्हेंबर २०२३ रोजी, ब्रिटनने या तंत्रावर आधारलेल्या जगातल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. तो उपचार सिकलसेल आणि बीटा थॅलेसिमियासाठी होता. डिसेंबरमध्ये अमेरिकेनेही सिकलसेलसाठी तो मान्य केला. तिथली किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण अठरा कोटी रुपये.

मी विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. स्वतः एएस, म्हणजे सिकलसेलची वाहक आहे. जगात दरवर्षी तीन लाखांहून जास्त बाळं हा आजार घेऊन जन्मतात आणि त्यातली निम्म्याहून अधिक नायजेरिया, काँगो आणि भारत या तीन देशांत. तेव्हा बातमी वाचून आनंद झाला, पण मनात एक हिशेब सुरू झाला तो काही थांबेना. ज्यांच्या रक्तावर हा अभ्यास शंभर वर्षं चालला ती माणसं एकीकडे, आणि ज्यांच्या गळ्यात पदकं पडली ती दुसरीकडे. या दोघांमधलं अंतर कमी करायला काही पुरस्कार मुद्दाम निर्माण झाले आहेत. गरीब मुलुखात राहून आनुवंशिकीचं काम करणाऱ्यांसाठीचे हे पुरस्कार आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाहीत. माझा भाचा पुण्यात जैवतंत्रज्ञान शिकतो. त्याच्या मदतीने मी त्यांची माहिती जमवत गेले. ते काय साधतात आणि कुठे कमी पडतात, हे तपासणीच्या टेबलावरून जसं दिसलं तसं सांगते.

आधी आजार समजून घेऊ. आमच्याकडे पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. छोट्या नळीत रसायन घ्यायचं, त्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे रेघा आखलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. मग इलेक्ट्रोफोरेसिस, आणि जिथे यंत्र असेल तिथे एचपीएलसी. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिन पट्टीवर सरकतं. नेहमीचं ‘ए’ पुढे जातं, ‘एस’ मागे राहतं. दोन्ही दिसली तर माणूस वाहक, एएस. ‘ए’ नाहीच आणि ‘एस’च भरून आलं तर एसएस, म्हणजे रुग्ण. विदर्भात लोक ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ असंच बोलतात, लग्नाच्या बैठकीतसुद्धा.

‘एस’ मागे राहतं त्याचं कारण अगदी एवढंसं आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन येतं. त्यामुळे विद्युतभार बदलतो. शरीरात प्राणवायू कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाडं फुटावीत तशा वेदना होतात. त्याला आम्ही क्रायसिस म्हणतो. आईवडील दोघेही एएस असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता पंचवीस टक्के.

१९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तंत्र, इलेक्ट्रोफोरेसिस, वापरून दाखवलं की सिकलसेल हा एका रेणूतल्या बिघाडाचा आजार आहे. कुठल्याही आजाराबद्दल असं पहिल्यांदाच सिद्ध होत होतं. म्हणजे आधुनिक रेणवीय वैद्यकाची सुरुवातच या आजारापासून झाली. आणि त्याच्याही आधी, १९१० मध्ये, शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या वाकड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. ते रक्त वॉल्टर क्लेमेंट नोएल या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याचं होतं. तो कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा बेटावरून शिकायला आला होता. शिक्षण संपवून तो बेटावर परतला, तिथे दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला. हेरिक यांचं नाव पाठ्यपुस्तकांत कायम राहिलं. नोएलचं नाव इतिहासकारांनी फार उशिरा शोधून काढलं.

पुरस्कारांबद्दल बोलताना मला नोएल आठवतो, कारण पुढची कितीतरी वर्षं हाच रिवाज चालला. नमुना उष्ण प्रदेशातून जायचा आणि शोध थंड प्रदेशात लागायचा. यात कुणा एकाचा दुष्टपणा नव्हता. शीतकपाटं, यंत्रं, पैसा आणि नियतकालिकं तिकडे होती. पण रिवाज मोडायचा तर इकडच्या माणसाच्या हाती काहीतरी द्यावं लागतं.

२००१ साली लॉरियल कंपनी आणि युनेस्को यांच्या स्त्री-वैज्ञानिकांसाठीच्या पुरस्कारांत पाच खंड-विभागांतल्या पाच जणी निवडल्या गेल्या. आफ्रिकेतून अडेयिंका फालुसी होत्या. नायजेरियातल्या इबादान विद्यापीठात त्यांनी सिकलसेल आणि अल्फा थॅलेसिमिया या आनुवंशिक रक्तविकारांचा रेणूंच्या पातळीवर अभ्यास केला. लॅटिन अमेरिकेतून ब्राझीलच्या मायाना झात्झ होत्या. त्यांचं काम स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारांवरचं, साओ पावलो विद्यापीठातलं. त्याच यादीत इंग्लंडच्या अ‍ॅन मॅक्लॅरन आणि अमेरिकेच्या जोन स्टाइट्झ होत्या. ही नावं जीवशास्त्राच्या कुठल्याही यादीत पहिल्या ओळीत बसतील अशी. इबादानची बाई त्यांच्या शेजारी बसली हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याहून मोलाचं पुढचं. फालुसी इबादानमध्येच राहिल्या आणि पुढे त्यांनी तिथे सिकलसेल रुग्णांसाठी संस्था चालवली. झात्झ यांनी तर १९८१ मध्येच ब्राझीलमध्ये स्नायूंच्या आजारांच्या रुग्णांची संघटना उभी केली होती. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये भ्रूणातल्या मूलपेशींवरचं संशोधन मान्य केलं, त्या लढ्यातही त्या आघाडीवर होत्या. प्रयोगशाळेबाहेरचं हे काम पुरस्काराच्या मानपत्रात मावत नाही. पण पुरस्कारामुळे सरकारदरबारी आवाज ऐकला जातो, हे नक्की.

आता ज्यांच्याबद्दल सांगायची मला सगळ्यात जास्त घाई होती त्या ज्युली मकानी. टांझानियाच्या या डॉक्टर. दार-एस-सलाममधल्या मुहिंबिली विद्यापीठात शिकल्या, पुढचं शिक्षण लंडनला आणि ऑक्सफर्डला. तिकडे राहता आलं असतं. त्या परत आल्या आणि २००४ पासून मुहिंबिलीत सिकलसेल रुग्णांची एक मोठी नोंद सुरू केली. प्रत्येक रुग्णाला ठराविक काळाने बोलवायचं, तपासायचं, रक्त साठवायचं, काय होतं ते लिहून ठेवायचं. ऐकायला साधं वाटतं. ज्यांनी सरकारी दवाखान्यात रजिस्टर ठेवलं आहे त्यांना विचारा ते साधं असतं का. आदिवासी पाड्यावरची माणसं पुढच्या तारखेला येत नाहीत, कारण रोवणी असते, एसटी नसते, मजुरी बुडते. हजारो माणसांना वर्षानुवर्षं एका नोंदीत धरून ठेवणं हेच मोठं विज्ञान आहे.

त्या नोंदीतून २०११ मध्ये निघालेल्या एका अभ्यासात दिसलं की मृत्यूचं प्रमाण पाच वर्षांखालच्या मुलांत सगळ्यात जास्त आहे. म्हणजे मोठ्या रुग्णालयात क्रायसिसवर उपचार करत बसण्याआधी बाळ जन्मल्याबरोबर तपासणी व्हायला हवी. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने मकानी यांना फायझर पुरस्कार दिला. हा पुरस्कार २००६ मध्ये आफ्रिकेतल्या वैज्ञानिकांसाठी सुरू झाला होता. पुढे त्याचं नाव रॉयल सोसायटी आफ्रिका पुरस्कार झालं. त्याची तेव्हाची रचना बघण्यासारखी होती. मकानी यांना व्यक्तिशः ५ हजार पौंड मिळाले आणि संशोधनासाठी ६० हजार पौंड. म्हणजे माणसाच्या कौतुकाच्या बारापट रक्कम तिच्या कामाला. आपल्याकडच्या शाल, श्रीफळ, मानचिन्ह आणि पाकीट या समारंभांशी हे ताडून पाहा.

याला आणखी एक धागा आहे. २०११ मध्येच ‘ब्लड’ या नियतकालिकात मकानी आणि लंडनमधल्या स्वी ले थीन यांच्या गटाचा एक निबंध आला. टांझानिया आणि ब्रिटनमधल्या रुग्णांमध्ये गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे ‘एफ’, कोणत्या जनुकांमुळे कमीजास्त राहतं याचा तो शोध होता. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन ‘एफ’ असतं आणि जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळपास बंद होतं. ज्या रुग्णांत ते बऱ्यापैकी टिकतं त्यांचा आजार सौम्य राहतो. थीन मूळच्या मलेशियाच्या, वैद्यकीय शिक्षण क्वालालंपूरचं. ‘एफ’ बंद करणारा खटका बीसीएल११ए या जनुकात आहे, हे उलगडण्यात त्यांचा आणि बॉस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांचा मोठा वाटा. अठरा कोटींचा उपचार नेमका तोच खटका उलटा फिरवतो. २०२४ चा शॉ पुरस्कार या दोघांना मिळाला. हाँगकाँगच्या या पुरस्काराची रक्कम १२ लाख डॉलर आहे.

‘एफ’चा प्रश्न आमच्या मुलखाला थेट भिडतो. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. १९८६ मध्ये ओडिशाच्या बुर्ला इथले बी. सी. कार आणि जमैकात आयुष्य काढलेले ग्रॅहम सर्जंट यांनी दोन्हीकडच्या रुग्णांची तुलना त्याच नियतकालिकात छापली. ओडिशाच्या रुग्णांत ‘एफ’ जास्त होतं, अल्फा थॅलेसिमिया जास्त आढळत होता, आणि पानथरी मोठेपणीही वाढलेलीच राहत होती. जमैकाच्या रुग्णांत ती लहानपणीच खराब होऊन आक्रसायची. म्हणजे जनुकातली चूक तीच, पण आजाराचं रूप वेगळं. किंग्स्टनच्या किंवा शिकागोच्या पुस्तकावरून गडचिरोलीच्या मुलाचा उपचार ठरवता येत नाही.

म्हणून नागपूरचं एक काम मला कुठल्याही पदकाएवढं मोठं वाटतं. हायड्रॉक्सियुरिया हे मूळचं कर्करोगाचं औषध ‘एफ’ वाढवतं. पाश्चात्य पद्धतीत त्याची मात्रा सहन होईल तिथपर्यंत चढवत नेतात, आणि त्यासाठी रक्ताच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की तीव्र आजार असलेल्या आपल्या मुलांना वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम एवढी कमी आणि स्थिर मात्राही उपयोगी पडते. ज्या तालुक्यात रक्ततपासणीसाठी दिवसाची मजुरी जाते, तिथे या निष्कर्षाची किंमत काय आहे ते आम्हाला विचारा. आफ्रिकेतही असंच झालं. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांत मुलांवर हायड्रॉक्सियुरियाची चाचणी झाली आणि २०१९ मध्ये ती जगातल्या सर्वोच्च वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात छापली गेली. लेखकांत पहिलं नाव काँगोच्या लिओन त्शिलोलो यांचं होतं. नोएलपासून शंभर वर्षांत एवढा पल्ला गाठला गेला.

जनुकांच्या अभ्यासाचं दुसरं टोक म्हणजे जीनोम, माणसाची किंवा विषाणूचीही संपूर्ण जनुकीय मांडणी वाचणं. त्यासाठीचा ह्यूगो आफ्रिका पुरस्कार २०१९ मध्ये क्रिस्तियाँ हापी यांना मिळाला. ह्यूगो ही मानवी जीनोमवर काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. हापी जन्माने कॅमेरूनचे, काम नायजेरियातल्या एडे गावच्या विद्यापीठात. जुलै २०१४ मध्ये लागोसला इबोलाचा पहिला रुग्ण आला, तेव्हा निदान पक्कं करणाऱ्यांत त्यांची प्रयोगशाळा होती. नायजेरियात एकूण २० जणांना लागण झाली, ८ दगावले, आणि ऑक्टोबरमध्ये देश इबोलामुक्त जाहीर झाला. दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या शहरात हे घडलं. मार्च २०२० मध्ये आफ्रिकेतल्या कोरोना विषाणूचा पहिला जीनोम हापी यांच्याच प्रयोगशाळेत वाचला गेला. नमुना विमानाने युरोपला जाऊन उत्तर यायची वाट कुणी पाहिली नाही.

त्याच २०१४ मध्ये सिएरा लिओनमधल्या रुग्णांच्या इबोला जीनोमचा निबंध ‘सायन्स’मध्ये छापला गेला. छापून येईपर्यंत त्याच्या लेखकांपैकी पाच जण इबोलानेच गेले होते. त्यांत केनेमा रुग्णालयाचे डॉ. शेख हुमार खान होते. नमुना घेणारा माणूस शोधाचा धनी मानला जावा की नाही, असा वाद मी बैठकांमध्ये ऐकला आहे. मला वाटतं, या निबंधाने त्याचं उत्तर देऊन टाकलं.

कॅमेरूनचे आम्ब्रुआझ वोंकाम यांना २०१४ मध्ये ब्रिटनच्या क्लिनिकल जेनेटिक्स सोसायटीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जन्मतः बहिरेपणाचं एक मोठं जनुकीय कारण म्हणून जीजेबी२ हे जनुक जगभर तपासतात. वोंकाम यांच्या अभ्यासांतून दिसलं की आफ्रिकेतल्या अनेक समूहांत ते कारण जवळजवळ सापडतच नाही. म्हणजे महागडी चाचणी करूनही त्या मुलांना उत्तर मिळणार नव्हतं. २०२१ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये मागणी केली की आफ्रिकेतल्या तीस लाख लोकांचे जीनोम वाचले जावेत. तोवर जगात अभ्यासलेल्या जीनोमपैकी दोन टक्केही आफ्रिकेतले नव्हते. मतदारयादीत गावाचं नावच नसेल तर त्या गावासाठी कुणी रस्ता मागत नाही. जीनोमच्या यादीचंही तसंच आहे. २०२० मध्ये आफ्रिकेतल्या पन्नास भाषिक-वांशिक समूहांमधल्या अवघ्या ४२६ माणसांचे जीनोम वाचले, तर जगाला माहीत नसलेले तीस लाखांहून जास्त जनुकीय फरक हाती लागले. हे काम एचथ्रीआफ्रिका या उपक्रमातलं. अमेरिका आणि ब्रिटनच्या निधीवर तो चालला, पण पैसा थेट आफ्रिकेतल्या संस्थांकडे गेला आणि नमुने साठवायची केंद्रं युगांडा, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभी राहिली.

आपल्या भागालाही अशा पुरस्कारांचा स्पर्श झाला आहे. पाकिस्तानचे भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९८३ मध्ये इटलीत त्रिएस्ते इथे विकसनशील जगाची विज्ञान अकादमी स्थापन केली. तिचं २००९ चं जीवशास्त्राचं पारितोषिक पार्थ मजुमदार यांना मिळालं. बंगालमध्ये कल्याणी इथली वैद्यकीय जीनोमशास्त्राची राष्ट्रीय संस्था त्यांनीच उभारली. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत डॉ. देबज्योती चक्रवर्ती यांचा गट सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचारावर काम करतो आहे. त्याला बिरसा मुंडांचं नाव दिलं आहे आणि उत्पादनासाठी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट सोबत आहे. हा उपचार अठरा कोटींच्या कितव्या हिश्शात मिळतो, यावर आमच्या रुग्णांचं बरंच काही ठरेल.

या पुरस्कारांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रदेश बघून पुरस्कार का, गुणवत्ता बघून द्या की. हा सूर माझ्या ओळखीचा आहे. मी स्वतः राखीव जागेवर नोकरीला लागले. ‘कोट्यातली’ हा शब्द पाठीमागे ऐकला आणि त्याच टेबलावर इतरांच्या तोडीच्या पट्ट्या वाचल्या. मुहिंबिलीत वीज जाते, रसायन बंदरात अडकतं, यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला माणूस दुसऱ्या देशातून येतो. तिथे निघालेल्या निष्कर्षाला बॉस्टनच्या निष्कर्षाइतकेच गुण द्यायचे आणि वर त्याला सवलत म्हणायचं, हे मला पटत नाही. शिवाय फालुसी, मकानी, हापी यांचं काम वाचलं की सवलतीचा प्रश्नच उरत नाही.

माझे आक्षेप वेगळे आहेत. पहिला, पुरस्कार मिळाला की मोठ्या देशांतली विद्यापीठं बोलावतात. वोंकाम आता अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये विभागप्रमुख आहेत. त्यात गैर काही नाही. तिथून ते आफ्रिकेसाठीच झटतात. पण एखादा पुरस्कार माणसाला फक्त ओळख देतो आणि त्याच्या मागच्या प्रयोगशाळेला काही देत नाही, तेव्हा माणूस गेल्यावर तिथे कुलूप उरतं. दुसरा, पुरस्कार एकालाच मिळतो. नोंदी ठेवणारी परिचारिका, पट्टी वाचणारी तंत्रज्ञ, पाड्यावर जाऊन बोट टोचणारी आशाताई यांना प्रमाणपत्रही येत नाही. तिसरा सगळ्यात जवळचा. ज्यांचं रक्त घेतलं त्यांना निकालाचा अर्थ कुणी सांगत नाही. एका आईने मला विचारलं होतं, “ताई, माह्याच रक्तात खोट हाये का वो?” घरच्यांनी सगळा दोष तिच्यावर टाकला होता. नवऱ्याची तपासणी कुणी केलीच नव्हती. मूल एसएस असेल तर ‘एस’ दोघांकडून येतं, एवढं वाक्य समजावून सांगायला कुठलीही जागतिक परिषद लागत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा यांच्या वस्त्यांत आज जेवढं रक्त तपासलं जातं आहे तेवढं पूर्वी कधीच तपासलं गेलं नव्हतं. विदर्भात हा आजार नवबौद्धांत आणि काही इतर मागासवर्गीय समाजांतही आहे. चंद्रपूरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी केंद्र आहे. म्हणजे रुग्ण इथे, नोंदी इथे, डॉक्टर इथे. मुहिंबिलीजवळ २००४ मध्ये होतं त्याहून हे कमी नाही. इथल्या नोंदी नीट जपल्या, रुग्णांची संमती त्यांच्या भाषेत घेतली आणि विश्लेषणही इथेच झालं, तर पुढचा मोठा निष्कर्ष गोंडवनातून निघू शकतो.

महाराष्ट्रात पुरस्कारांना तोटा नाही. साहित्याचे, नाट्याचे, समाजसेवेचे पुरस्कार गावोगाव दिले जातात, देणारे हात मोकळे आहेत. त्यांना माझी विनंती आहे. आनुवंशिक आजारांवर आपल्याच जिल्ह्यात राहून काम करणाऱ्या तरुण डॉक्टरसाठी किंवा संशोधकासाठी एक पुरस्कार ठेवा. रॉयल सोसायटीचं ते तेव्हाचं प्रमाण घ्या, एक हिस्सा व्यक्तीला आणि बारा हिस्से कामाला. पैसा त्या जिल्ह्यातच खर्च व्हावा, नमुने तिथेच राहावेत, आणि मानपत्रावर तंत्रज्ञाचं व आशाताईचंही नाव यावं, एवढ्या अटी घाला. शाल नसली तरी चालेल.